सुरतेच्या कापडावरचा डाग

आमच्या सरहद्दीवरचे नवापूर रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. दिवाळीच्या आधी एखाद्या संध्याकाळी त्या फलाटावर उभे राहावे. सुरतेहून घरी परतणारी आपली मुले घोळक्याने उतरताना दिसतात. लिंबायत, उधना, पांडेसरा ही नावे खानदेशातल्या खेड्यापाड्यांना आता तालुक्याच्या गावाइतकी परिचित आहेत.

तीन वर्षांपूर्वी माझा एक माजी विद्यार्थी असाच फलाटावर भेटला आणि दुसऱ्या दिवशी फराळाला घरी आला. तो सुरतेत यंत्रमागावर कामाला आहे. गप्पांच्या भरात चिवड्याची बशी कलंडली आणि माझ्या नव्या सदऱ्यावर तेल उतरले. सौभाग्यवती तांब्या घेऊन धावल्या. "काकू, पाणी नका लावू," असे म्हणत तो उठला, टेबलावरचा खडू कुटला आणि पूड डागावर दाबून बसवली. थोड्या वेळाने ती झटकली, पुन्हा नवी लावली. मग भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब चोळून सदरा धुतला. डाग गेला.

"सर, मागाचे तेल उडाले की आम्ही हेच करतो. डाग राहिला तर मजुरी कापतात. मागच्या महिन्यात दोन दिवसांची गेली."

मी तीस वर्षे इतिहास शिकवला. सुरत म्हटले की 1664 चा जानेवारी आणि 1670 चा ऑक्टोबर. लुटीचा तपशील मुलांना तोंडपाठ असतो. परंतु त्या बंदराचे वैभव ज्या मालावर उभे होते, त्यात कापड मोठे होते, आणि ते कापड धूत कोण होते, हे मी कधी विचारले नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने 1676 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात ते नोंदवून ठेवले आहे. आग्र्याकडचे पांढरे सुती कापड शुभ्र करण्यासाठी भडोचकडे येई, कारण तिथे कापड पसरायला मोकळी कुरणे होती आणि लिंबे मुबलक होती. त्या धोब्यांपैकी एकाचेही नाव मला कुठे आढळले नाही.

लिंबाने शुभ्रता येते, तेल मात्र जात नाही. त्यासाठी आपल्याकडे रिठे होते, मुलतानी माती होती, खार होता. माती तेल शोषून घेते, रिठ्याचा फेस ते पाण्यात सोडवतो, आणि खार व तेल एकत्र तापवले की त्याचाच साबण होतो. आजीच्या हातातले डाळीचे पीठ आणि या पोराचा खडू एकाच कुळातले.

आता कापडच बदलले. स्वातंत्र्यानंतर सुरतेत कृत्रिम रेशमाचे माग वाढले, पुढे पॉलिएस्टर आले. सूत पाण्याला जवळ करते, पॉलिएस्टर तेलाला. म्हणून नुसत्या पाण्याने धुतलेल्या टेरिकॉटच्या शर्टावर डाग तसाच राहतो. (आम्हा शिक्षकांचे निम्मे आयुष्य त्या टेरिकॉटमध्ये गेले, तेव्हा हे अनुभवाने सांगतो.) मागावरचे तेल तर अधिकच वाईट, त्यात लोखंडाची बारीक झीज मिसळलेली असते. तेल निघाले तरी काळी रेघ मागे राहते. पुढे हेच कापड 180 ते 200 अंशांच्या आसपास तापवून त्याची घडण पक्की करतात. तोवर डाग राहिला असेल तर तोही पक्का होतो आणि रंग तिथे सारखा चढत नाही. घरातली इस्त्रीही थोड्या प्रमाणात हेच करते. म्हणून धुतल्यावर डाग पूर्ण गेला की नाही हे पाहिल्याशिवाय कपड्याला इस्त्री लावू नये.

म्हणजे कारागिराच्या हाती उरतात ती पहिली काही मिनिटे. माग चालू, पाळी बारा तासांची, शेजारचा माग धागा तुटून थांबलेला, आणि त्यातच डागाकडे धावायचे. तेल गळते ते यंत्रातून. यंत्र शेठचे. कपात मात्र पोराच्या मजुरीतून होते. "हा कोणता हिशेब?" असे मी त्याला विचारले. तो नुसता हसला.

भाऊबीज आटोपून तो परत निघाला, तेव्हा त्याने खडूची एक पेटी मागितली. सुरतेत खडू मिळत नाही असे नाही. पण मागाजवळ पुडीचा डबा ठेवू देत नाहीत आणि खडू खिशात मावतो. शाळेची पेटी द्यायला माझा हात धजेना. बाजारातून विकत आणून स्टेशनवर नेऊन दिली.