प्रज्ञापराध
प्रज्ञापराध : चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथातील तीन मूळ रोगकारणांपैकी एक. धी (बुद्धी), धृती (मनाचा संयम) आणि स्मृती (आठवण) ढळल्यावर माणसाच्या हातून घडणारे अहितकर कर्म, असे त्याचे लक्षण ग्रंथाच्या शारीरस्थान या विभागाच्या पहिल्या अध्यायात येते. रात्री दही खाऊ नये हे ठाऊक असूनही जिभेला आवर न घालणारा माणूस धृतीत कमी पडतो. सूत्रस्थान या विभागाच्या ७व्या अध्यायात प्रज्ञापराधाची व्यवहारातली बाजू दिसते. मलमूत्र, शिंक, जांभई, तहान, झोप असे शरीराचे १३ नैसर्गिक वेग अडवू नयेत. लोभ, शोक, भय, क्रोध, मत्सर यांचे वेग मात्र आवरावेत. जडलेली वाईट सवय एका झटक्यात न तोडता चौथ्या-चौथ्या हिश्शाने सोडावी, हा तिथला सल्ला मानवी स्वभावाची खोल जाण दाखवतो. रोग्याची जबाबदारी उपचारातही येते : चिकित्सेच्या चार पादांत (घटकांत) वैद्य, औषध व परिचारक यांच्या जोडीला रोगीही येतो. आठवण, सांगितलेले पाळणे, निर्भयता आणि आपले दुखणे नीट सांगता येणे हे त्याचे गुण मानले आहेत. मात्र इंद्रियविषयांचा अयोग्य संयोग आणि काळाचा परिणाम ही कारणे संहितेने वेगळी सांगितली आहेत. म्हणून प्रत्येक आजाराचा दोष रोग्याच्याच माथी मारणे ग्रंथाला धरून नाही.