कांदळवनांचे उपग्रह-नकाशे : विश्वासार्हतेची तुलना

खाडीकाठी भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाढणाऱ्या तिवर, चिप्पी, कांदळ आदी झाडांचे क्षेत्र उपग्रह-प्रतिमांवरून आखले जाते. एकाच किनाऱ्याचे असे दोन नकाशे सहसा जुळत नाहीत. कोणता नकाशा कशासाठी ग्राह्य धरावा, हे पडताळणीवरून ठरते.

पडताळणीत यदृच्छया निवडलेले बिंदू जागेवर जाऊन किंवा अधिक स्पष्ट प्रतिमेवर तपासतात. यातून निघणारी ‘एकूण अचूकता’ फार फसवी असते. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३,०७,७१३ चौ. किमी.; भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात राज्यातील कांदळवने सुमारे ३१५ चौ. किमी. आहेत. म्हणजे राज्यात कांदळवन मुळीच नाही असे दाखवणारा नकाशाही राज्यभर तपासला तर ९९.९ टक्के अचूक ठरेल! धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर समुद्रापासून तीनशेहून अधिक किलोमीटर आत आहे. तिथला बिंदू कोणताच नकाशा चुकवणार नाही. म्हणून बिंदू खाडीपट्ट्यातलेच घ्यावेत आणि दोन चुका वेगळ्या मोजाव्यात : असलेले वन किती सुटले आणि नसलेले किती दाखवले गेले. भरतीच्या वेळी टिपलेल्या प्रतिमेत बुटकी झाडे पाण्याखाली जातात, अरुंद ओहोळांकाठची रांग एका चित्रबिंदूत मावून नाहीशी होते. त्यामुळे पहिली चूक कोकणात विशेष संभवते.

बेरजा जुळल्या म्हणजे नकाशे जुळले असे नव्हे. चंद्र गिरी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये लँडसॅट प्रतिमांवरून २००० सालचे जागतिक क्षेत्र १,३७,७६० चौ. किमी. दिले, ‘ग्लोबल मँग्रोव्ह वॉच’च्या आधीच्या आवृत्तीत २०१० साठी १,३७,६०० आले. याच प्रकल्पाची तिसरी आवृत्ती २०२० साठी १,४७,३५९ सांगते. ही वाढ नव्हे. त्याच आवृत्तीत १९९६ चा आकडा १,५२,६०४ आहे, म्हणजे घटच. वेगवेगळ्या आवृत्त्यांतले आकडे एका रांगेत मांडू नयेत.

महाराष्ट्रातही ही खबरदारी हवी. वन सर्वेक्षणाने राज्यासाठी २०१५ मध्ये २२२ आणि २०१७ मध्ये ३०४ चौ. किमी. नोंदवले. नवी रोपे दोन वर्षांत उपग्रहाला दिसण्याइतकी क्वचितच फोफावतात. त्यामुळे या ८२ चौ. किमी.मध्ये झाडांची वाढ किती आणि पाहण्यातला फरक किती, हे तपासल्याशिवाय तो आकडा संवर्धनाचे यश म्हणून मिरवणे योग्य नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनतोडीस बंदी घालून भोवती ५० मीटरचा पट्टा राखण्याचा आणि उपग्रहाधारे नकाशे करण्याचा आदेश दिला; २०१८ च्या अंतिम निकालातही हे संरक्षण कायम राहिले. वन सर्वेक्षण ज्या लिस-३ प्रतिमा वापरते, त्यांचा एक चित्रबिंदू सुमारे २३.५ मीटरचा असतो. ५० मीटरचा पट्टा म्हणजे जेमतेम दोन चित्रबिंदू. रेषा एका चित्रबिंदूने सरकली की निम्मा पट्टा जातो. राज्याचा कल पाहायला हा नकाशा उपयोगी आहे. एखाद्या सर्व्हे नंबरातील हद्दीच्या वादात मात्र अधिक सूक्ष्म प्रतिमा आणि प्रत्यक्ष मोजणीच प्रमाण मानावी.