आर्क राखणारे हात

साल 1975. जुन्या जालन्यात कुंडलिकेच्या काठी तंबू टॉकीज लागलंय. पलीकडच्या कादराबादेतूनही माणसं येतायत. कुणी घरून सतरंजी आणलीय, कुणी थेट मातीतच बसलंय. भोंग्यावरची गाणी थांबली. तुम्ही तिकीट काढलंय खरं, पण आज पडद्याकडे पाठ करा. मागे ट्रक उभा आहे, त्याच्या हौद्यात प्रोजेक्टर आहे, तिथे चढा.

ऑपरेटर चाचा सरकून जागा देतात आणि हातात एक काळी काच ठेवतात. “उघड्या डोळ्यानं नका बघू भाऊ. नाहीतर रातभर डोळ्यात मिरची टाकल्यावानी होतंय.” बरोबरच आहे त्यांचं. वेल्डिंग करणाऱ्यांना ज्या अतिनील किरणांचा त्रास होतो, तेच इथेही निघतात.

काचेतून बघा. पत्र्याच्या पेटीत तांब्याचा मुलामा दिलेले दोन कार्बन समोरासमोर आहेत. चाचा मूठ फिरवतात, टोकं टेकतात, ठिणगी उडते, आणि लगेच चाचा टोकं थोडी मागे घेतात. प्रवाह तुटत नाही. मधली हवाच इतकी तापते की तिच्यातून वीज वाहू लागते. हाच आर्क. जनरेटरची एसी वीज रेक्टिफायरमधून डीसी होऊन आलेली असते, त्यामुळे धन बाजूच्या कार्बनला सतत झीज लागून खळगा पडतो. उजेडाचा बहुतेक भाग त्या खळग्यातूनच येतो. तिथलं तापमान साडेतीन हजार अंश सेल्सिअसच्या वर असतं. मागचा अंतर्गोल आरसा तो सगळा उजेड फिल्मच्या जेमतेम दोन सेंटिमीटर रुंद चौकटीवर आणून टाकतो.

कार्बन जळत जातात तशी मधली फट वाढते. तिकडे दुर्लक्ष झालं की ज्योत थरथरते, नायिकेचा चेहरा काळवंडतो, पुढून शिट्ट्या सुरू होतात. पण चाचांचा हात त्याआधीच मुठीवर गेलेला असतो. दोन हजार फुटांचं रीळ सुमारे 22 मिनिटं चालतं. यंत्र एकच, म्हणून रीळ संपलं की अंधार, गलका, नवं रीळ आणि पुन्हा ठिणगी. तीन तास ही फट सांभाळणं ही मोठी कारागिरी आहे, आणि पोस्टरवर तिचं नाव कधीच आलं नाही याचं मला वाईट वाटतं.

हा झाला चित्र दाखवण्याचा उजेड. चित्रीकरणाच्या उजेडासाठी आता सोळा-सतरा वर्षं मागे, मुंबईला चला. 1959 साली प्रदर्शित होणाऱ्या ‘कागज के फूल’चं चित्रीकरण चालू आहे. छायालेखक व्ही. के. मूर्तींना अंधाऱ्या स्टुडिओत उजेडाचा एकच सरळ, धारदार झोत हवाय. दिव्यांनी तो साधत नाही. मग बाहेरचं ऊन मोठ्या आरशांनी आत वळवलं जातं. ‘वक्त ने किया’ या त्यातल्या गाण्यातला तो झोत म्हणजे मुंबईचं ऊन आहे! सूर्य सरकेल तसा आरसाही हलवायला लागतो.

तसं ऊन रात्रीही मिळावं ही सोय पुढच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत झाली. ओसराम कंपनीने दूरचित्रवाणीसाठी एचएमआय दिवा काढला. आर्क तोच, पण आता क्वार्ट्‌झच्या फुग्यात बंद. दोन टंगस्टन टोकं, थोडा पारा आणि काही धातूंचे क्षार. रंग दुपारच्या उन्हाचा, सुमारे 5600 केल्विन. तेवढ्याच विजेत हॅलोजनच्या तिप्पट-चौपट उजेड.

तो दिवा बघायला शेवटची उडी 1990 ची, गोरेगावच्या चित्रनगरीत, मध्यरात्री. लाइटमन बॅलास्टचं, म्हणजे दिव्याची वीज सांभाळणाऱ्या पेटीचं, बटण दाबतो. हजारो व्होल्टच्या झटक्याने दिवा पेटतो, आधी मंद, मग मिनिटभरात डोळे दिपवणारा. पण त्याला एक खोड आहे. 50 हर्ट्‌झच्या विजेवर साध्या बॅलास्टचा दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. कॅमेरा घेतो 24 चौकटी. म्हणून कॅमेरा असिस्टंट फिरत्या शटरची उघडी बाजू 172.8 अंशांवर लावतो. प्रत्येक चौकटीला बरोबर एक-पन्नासांश सेकंद उजेड मिळतो, म्हणजे पुरती दोन स्पंदनं, आणि सगळ्या चौकटी सारख्या उजळतात.

हा हिशेब जनरेटर व्हॅनमधल्या माणसावर उभा आहे. त्याची नजर मीटरवर आहे. काटा 50 वरून घसरत राहिला तर दृश्य लुकलुकतं, आणि ते कळतं लॅबमधून रशेस, म्हणजे धुतलेलं चित्रीकरण, आल्यावर, सेट मोडून झाल्यावर. तुम्हाला त्याच्याशी बोलायचं असेल, तर शॉट ओके होईपर्यंत थांबा.