सनद जिंकली, जमीन गेली

कॅलिफोर्नियातील ओकलंड आणि बर्कली ही शहरे ज्या भूमीवर उभी आहेत, ती सारी एके काळी एका शिपायाच्या मालकीची होती. त्याचे नाव लुईस मारिया पेराल्ता.

पेराल्ताचा जन्म १७५९ सालचा. स्पेनच्या अमेरिकेतील साम्राज्याची उत्तर सीमा वसविण्यासाठी लेफ्टनंट कर्नल आन्साने जो तांडा नेला, त्याबरोबर आईबापांसह तो १७७६ साली कॅलिफोर्नियात आला. पुढे तो लष्करात शिरला, सार्जंट झाला. १८०७ पासून सान होसे गावाचा कारभारही त्याने पाहिला. सुमारे चाळीस वर्षांच्या या चाकरीबद्दल १८२० साली गव्हर्नर सोला याने त्याला सुमारे ४४,८०० एकर जमीन दिली. ती मूळची ओलोनी लोकांची. पण त्यांना कोणी विचारले नाही, हे विसरता कामा नये.

या रानात पेराल्तांची गुरे वाढली. त्यांची कातडी व चरबी घेण्यास बोस्टनची जहाजे येत. १८४२ साली म्हाताऱ्याने ही जमीन चार मुलांत वाटून दिली.

दरम्यान निशाणे बदलत होती. १८२१ साली स्पेनचे जाऊन मेक्सिकोचे आले. १८४८ साली मेक्सिकोचे जाऊन अमेरिकेचे आले. जुन्या मालमत्तेस तहात अभय मिळाले होते. परंतु सोन्याच्या शोधापाठोपाठ माणसांचा लोंढा लोटला. परक्यांनी जमिनीवर ठाण मांडले, गुरे मारून विकली. व्हिसेंटे पेराल्ताच्या हिश्श्यावर तर १८५२ साली ओकलंड गावच स्थापन केले. त्याआधी, १८५१ साली, काँग्रेसने कायदा करून मालकी शाबीत करण्याचा भार जुन्या मालकांवरच टाकला होता. त्याच साली म्हातारा वारला.

मुले लढली. सर्वोच्च न्यायालयात १८५६ च्या सत्रात त्यांची सनद खरी ठरली. पण वकिलांची फी, कर आणि कर्ज यांपायी जमीन तुकड्यातुकड्यांनी विकली जात होती. डोमिंगो १८६५ साली वारला, व्हिसेंटे १८७१ साली. त्या दोघांच्या हिश्श्याचा पक्का सरकारी पट्टा निघाला १८७७ साली!

कायद्याने पेराल्तांची मालकी नाकारली नाही, फक्त निकालास विलंब लावला. न्यायाची वाट पाहण्याची ऐपत ज्याला नाही, त्याच्या हाती शेवटी कागद तेवढा उरतो. आणि ओलोनींच्या हाती तर तोही नव्हता.