सरकारी तिजोरी आणि दिंडीची भिशी

दिंडीच्या शंभर वर्षांचा हिशोब मांडायला बसलं, की प्रश्न येतोच : वारी चालते कुणाच्या पैशावर?

वारीला राजाश्रय नवा नाही. एकोणिसाव्या शतकात आरफळच्या हैबतबाबांनी माउलींचा पालखी सोहळा उभा केला, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरकारांनी घोडे दिले. आजही अश्व अंकलीहूनच येतात. देवस्थानांना इनामं होती. इनाम म्हणजे काय, तर कुणब्याने सरकारात भरायचा सारा देवाकडे वळवलेला. इंग्रजी अमदानीत उलटं झालं. पंढरपूरच्या नगरपालिकेने यात्रेकरूंवरच यात्रा कर बसवला. विठोबाच्या दारी जायचं तर आधी कर! पण यात्रेत तेव्हा पटकीची साथ येई, माणसं वाटेत दगावत. सफाईला, पाण्याला पैसा लागत होता, हेही खरं.

1950 साली राज्यघटना लागू झाली. तिचं 27 वं कलम सांगतं, की एखाद्या धर्माच्या पोषणासाठी खास राखून ठेवलेला कर भरायची सक्ती कुणावर करता येणार नाही. हज यात्रेच्या अनुदानाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. कराचा मोठा हिस्सा एका धर्माकडे वळला तरच हे कलम मोडतं, असं न्यायालयाने 2011 साली म्हटलं. पण पुढच्याच वर्षी ते अनुदान दहा वर्षांत बंद करायला सांगितलं. 2018 साली ते बंदही झालं.

मग 2024 साली आपल्यावर पाळी आली. राज्य सरकारने पालखी सोहळ्यातल्या दिंड्यांना प्रत्येकी 20,000 रुपये जाहीर केले. वारकऱ्यांत दोन मतं झाली. कुणी म्हणालं, तेल-मिठाचे भाव बघा, ट्रकचं भाडं बघा, घ्यायला काय हरकत? कुणी म्हणालं, पैसे नकोत, सोयी द्या.

आम्हाला दुसरं म्हणणं पटतं. साबणाच्या वडीवर कर भरतो तो वारकरी, तसाच मशिदीत जाणारा आणि देव न मानणाराही. त्या पैशाचा रस्ता, पाण्याचा टँकर, शौचालय, दवाखाना सगळ्यांच्या उपयोगी पडतो. पालखी मार्गावरून वारी पंधरा-वीस दिवस चालते, बाकी वर्षभर ऊस आणि एसटी चालते. चंद्रभागेचं वाळवंट स्वच्छ राहिलं, तर गावालाही रोगराई नाही. हे सरकारचं कामच आहे, ते आपण हक्काने मागावं.

पण टाळ, वीणा, पंगतीची भाकरी ही आपल्या भिशीतून यावी. भिशी भरणारा विणेकऱ्यालाही हिशोब विचारू शकतो. तिजोरीतून आलेल्या पैशामागे मात्र उद्या फलक येतो, फोटो येतो, मग कुणाची दिंडी पुढे हेही तिकडूनच ठरतं. आपल्या आजे-पणज्यांनी पीठ-मीठ गोळा करून दिंडी चालवली, ती कुणाची मिंधी झाली नाही.

पुढच्या शंभर वर्षांत रस्ता सर्वांचा असो, पंगत आपल्या घामाची असो. पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!