काळ्या दाण्याचा अर्क

राय हें युरोपांतील थंड हवेचें व निकस जमिनीचें धान्य. तिकडील गरिबांची भाकरी शतकानुशतकें याच धान्याची होत असे. एखाद्या ओलसर वर्षीं त्याच्या कणसांत शिंगासारखे वांकडे, जांभळट-काळे दाणे दिसत. कोंबड्याच्या पायामागील नखीसारखे दिसतात म्हणून फ्रेंच लोकांनीं त्यांना 'अर्गट' हें नांव दिलें आणि चांगल्या दाण्यांबरोबर ते दळलेहि. तो दाणा नसून एका बुरशीची घट्ट गांठ आहे, हें तिचा सारा जीवनक्रम उलगडून त्युलान या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५३ सालीं दाखविलें.

तोंवर या गांठीनें किती माणसें पांगळीं केलीं याचा हिशेब नाहीं. ऱ्हाईनकांठच्या क्सांटेन येथील इतिवृत्तांत इ. स. ८५७ च्या एका भयंकर सांथीची नोंद आहे. अंगावर फोड उठून माणसांचे अवयव गळून पडत, असें तींत म्हटलें आहे. रक्तवाहिन्या आंवळल्या जाऊन हातापायांचीं बोटें प्रथम आगीसारखीं जळत, मग काळीं पडून झडत. लोक या रोगाला संत अँथनीची आग म्हणत, आणि अशा रोग्यांच्या शुश्रूषेसाठीं १०९५ च्या सुमारास फ्रान्समध्यें त्या संताच्या नांवें एक सेवकसंघहि स्थापन झाला.

परंतु याच दाण्याची दुसरी ओळख सुइणींना होती. अडलेल्या बाळंतिणीस वेणा येण्यासाठीं स्त्रिया हे दाणे देतात, असें लोनिट्सर या जर्मन वैद्यानें १५८२ च्या आपल्या वनस्पतिग्रंथांत लिहिलें आहे. पुढें १८०८ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील जॉन स्टर्न्स या डॉक्टरानें हें चूर्ण झटपट प्रसूति करवितें म्हणून त्याची वाखाणणी केली. डॉक्टरमंडळींना ही सोय फारच आवडली. व्हायचा तोच परिणाम झाला. अर्गटानें आलेली कळ मध्यें विसांवा घेत नाहीं. गर्भाशय आंवळलेला तो आंवळलेलाच राहतो आणि बाळाचा श्वास आंतल्या आंत कोंडतो. मृत बालकांची संख्या वाढलेली पाहून १८२२ सालीं डेव्हिड होसॅक यानें इशारा दिला कीं, हें औषध मूल जन्मल्यानंतर, रक्तस्राव थांबविण्यापुरतेंच वापरावें. बाळाला जी पकड प्राणघातक तीच बाळंतिणीला तारक. कारण तिनेंच उघड्या रक्तवाहिन्यांचीं तोंडें मिटतात.

आतां रसायनशास्त्रज्ञ पुढें आले. तान्रे यानें १८७५ सालीं अर्गटांतून एक स्फटिकरूप अल्कलॉइड काढलें. १९०६ सालीं बार्जर व कार यांनीं अर्गोटॉक्सिन आणि १९१८ सालीं बाझेल येथें स्टोल यानें अर्गोटामिन वेगळें केलें. हे पदार्थ पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहींत. मग औषधकोशांतील जुना पाणीदार अर्क, ज्यांत ते नांवालाच असत, तो निरुपयोगी ठरणार हें उघडच होतें. पंडितांनीं तसा निकाल दिलाहि. प्रसूतिगृहांतील डॉक्टर मात्र तोच अर्क देत राहिले. याला अडाणी हट्ट म्हणणें सोपें होतें.

लंडनचे जॉन चॅसर मॉयर यांनीं १९३२ सालीं या हट्टाचीच परीक्षा घेतली. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या गर्भाशयांत रबराची लहान पिशवी ठेवून त्यांनीं आकुंचनाचा आलेख घेतला आणि तो टाकाऊ अर्क तोंडानें पाजला. कांहीं मिनिटांतच आलेखाची रेषा अशी उसळली कीं, शुद्ध अल्कलॉइडांनीं ती कधींच उसळली नव्हती. प्रयोगशाळेनें सोडून दिलेल्या पाण्यांतच सुइणींचें औषध होतें! हॅरोल्ड डडली यांच्या साह्यानें मॉयर यांनीं तें १९३५ सालीं वेगळें केलें व त्याला अर्गोमेट्रिन म्हटलें. त्याच सुमारास बाझेल, शिकागो व बाल्टिमोर येथेंहि तें सांपडल्यामुळें एकाच पदार्थाचीं अनेक नांवें झालीं. डडली त्याच वर्षीं निवर्तले.

अर्गोटामिनहि वायां गेलें नाहीं. अर्धशिशीवर तें दीर्घकाळ दिलें गेलें, पण मात्रा वाढली कीं बोटें काळीं पडण्याचें जुनें भय उभें राही. अर्गोमेट्रिन व त्याचें भावंड मेथिल-अर्गोमेट्रिन आजहि प्रसूतिगृहांत आहेत. पहिला मान आतां ऑक्सिटोसिनचा; रक्तदाब वाढलेल्या बाळंतिणीला अर्गोमेट्रिन देत नाहींत, आणि तें थंड व अंधाऱ्या जागीं ठेवावें लागतें. विजेची शाश्वती नसलेल्या खेड्यांत हीच मोठी अडचण होते.

रायवरील बुरशीची एक बहीण आपल्याकडील बाजरीवरहि येते. १९५६–५७ सालीं तेव्हांच्या मुंबई राज्यांतील कांहीं गांवांत अशी बाजरी खाऊन लोकांना मळमळ, वांत्या, चक्कर व गुंगी आली. या जातीचीं अल्कलॉइडें निराळीं असल्यामुळें कोणाचीं बोटें झडलीं नाहींत. पेरणीपूर्वीं दहा लिटर पाण्यांत दोन किलो मीठ विरघळवून त्यांत बियाणें टाकतात. अर्गट हलका, तो वर तरंगतो. तो काढून नष्ट करावयाचा आणि तळचें बी स्वच्छ पाण्यानें धुऊन सावलींत वाळवावयाचें.