मार्कंडा देवालय समूह

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यात वैनगंगेकाठी उभा असलेला शैव मंदिरांचा समूह. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळसा घेऊन उत्तरवाहिनी होते, म्हणून हे स्थान पवित्र मानले जाते.

स्थानाच्या नावामागची कथा अशी: मृकंडू ऋषींच्या मुलाला, मार्कंडेयाला, आयुष्य सोळाच वर्षांचे. यम न्यायला आला तेव्हा मार्कंडेयाने शिवलिंगाला घट्ट मिठी मारली. यमाचा फास लिंगावरही पडला. शिव प्रकटला आणि त्याने यमालाच धडा शिकवला. गंमत अशी, की याच आवारात यमधर्माचेही देऊळ आहे!

मार्कंडेश्वर हे मुख्य मंदिर. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने 1870च्या दशकात त्याची नोंद घेतली आणि बांधणी साधारण दहाव्या-अकराव्या शतकातली ठरवली. वीज पडून शिखर कोसळल्याची व गोंड राजवटीत डागडुजी झाल्याची हकीकतही त्याने दिली आहे.

‘विदर्भाचे खजुराहो’ हे बिरुद आता गुळगुळीत झाले आहे. त्यापेक्षा बाहेरच्या भिंतीजवळ थांबावे: शिवाची नाना रूपे, डौलात उभ्या अप्सरा, मधूनच झेपावणारे व्याल, म्हणजे काल्पनिक पशू. सावकाश प्रदक्षिणा घातली तरच हे शिल्प उलगडते.

महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते. शांतपणे शिल्पे पाहायची असतील तर ते दिवस टाळावेत.